टास्मानियाच्या वाघिणीला भेटायला अल्फारेटाहून

शाळांना स्प्रिंग ब्रेकची सुट्टी लागली की जॉर्जियातली आमची अख्खी अल्फारेटा गाड्यांना सायकली बांधून फ्लोरिडाच्या दिशेने निघते. आम्ही यंदा बरोबर उलट्या दिशेला, उत्तरेला निघालो, आणि तेसुद्धा सहाशे मैलांपलीकडच्या एका मेलेल्या प्राण्याला भेटायला. पाडव्याच्या जेवणात मी हे सांगितलं तेव्हा एका मैत्रिणीने पुरणपोळीचा घास हातातच धरून विचारलं, "वॉशिंग्टनला? अगं, पण चेरी ब्लॉसम संपला असेल ना आता?" मी म्हटलं, आम्ही चेरीसाठी जातच नाहीये. कशासाठी जातोय ते ऐकल्यावर तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. बहुतेक तिला माझी काळजी वाटली असावी.

तो प्राणी म्हणजे थायलसिन. टास्मानियन टायगर असंही म्हणतात, पण वाघाशी त्याचं नातं नाही. ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया नावाचं बेट आहे, तिथला हा शिकारी. दिसायला कुत्र्यासारखा, पाठीच्या मागच्या अर्ध्या भागावर गडद पट्टे, ताठ शेपूट, आणि मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी. हा आमच्या मेंढ्या खातो म्हणत तिथे जाऊन वसलेल्या गोऱ्या लोकांनी त्याला मारायला बक्षिसं लावली. शेवटचा तिथल्याच एका प्राणिसंग्रहालयात, पिंजऱ्यात मेला, त्यालाही आता नव्वदएक वर्षं होत आली. मी नागपूरची, म्हणजे वाघांच्या बाबतीत आमचं पोट आधीच भरलेलं, आणि नोकरी म्हणाल तर दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधायची. यातलं काहीही मला माहीत असायचं कारण नव्हतं. हे सगळं मला माझ्या दहा वर्षांच्या मुलीने, रेवाने शिकवलं. फक्त शेवटचा भाग सोडून. तो तिला मान्यच नव्हता.

"आई, शी इज नॉट एक्स्टिंक्ट," ती म्हणायची. "शी इज जस्ट हायडिंग."

इंटरनेटवर धूसर व्हिडिओंना तोटा नाही. लांबच्या शेतातून काहीतरी पळत जातं, आणि खाली शंभर लोक लिहितात की हीच ती. रेवाने ते सगळे पाहिले होते. मग शाळेत नामशेष प्राण्यांचा धडा आला आणि ही अख्ख्या वर्गाशी भांडली. मुलं हसली. घरी आली तेव्हा डोळे लाल होते, आणि ती थेट खोलीत गेली.

त्या दिवशी स्वयंपाकघरात माझी आणि समीरची चांगलीच जुंपली. समीर म्हणजे माझा नवरा, पुण्याचा. वाद घालताना तो कणीक मळतो, त्यामुळे आमच्याकडे भांडणाच्या दिवशी पोळ्या फार मऊ होतात.

"मानू दे ना यार तिला," तो म्हणाला. "मोठी झाली की कळेलच."

"वर्गात रडून कळण्यापेक्षा आपल्यासोबत कळलेलं बरं. वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेली एक आहे म्हणे. दाखवू तिला."

"आणि फिशसारखं झालं तर?"

 दोन वर्षांपूर्वी रेवाचा एक मासा मेला. दुसऱ्या दिवशी तिने काचेची टाकी स्वतः धुऊन शेजाऱ्यांना देऊन टाकली, आणि तेव्हापासून आमच्या घरात मासा, मांजर, ससा यांपैकी कशाचंही नाव निघालेलं नाही. कुणी कुत्रा घेऊन समोरून आलं तर ती रस्ता बदलते. उरली होती ती एकटी टास्मानियाची वाघीण, कारण ती मरणं शक्यच नव्हतं, ती लपली होती. आता तीही मेलेली दाखवली आणि पोरीचं प्राण्यांवरचं मनच कायमचं उडालं तर? ही एकच भीती पोटात घेऊन मी हॉटेल न शोधता वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅशबर्नच्या वैशालीला फोन केला. वैशाली माझी कॉलेजची मैत्रीण. ती म्हणाली, "हॉटेलचं नाव काढलंस तर बघ. सासूबाई आल्यात सांगलीहून, त्यांना माणसं हवीच असतात."

रेवाला आम्ही खरं काय ते सांगितलं.  ती म्हणाली, "मी येते. बट आय अ‍ॅम नॉट गोइंग इन दॅट रूम." ठीक आहे, म्हटलं. डायनासोर बघ, हत्ती बघ.

निघालो पहाटे. एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे जॉर्जियात परागकणांचे दिवस. गाडीवर रात्रीतून पिवळा थर बसतो. समीरने वायपर लावले आणि अर्धी काच हळदीने माखल्यासारखी झाली, तिथेच पहिला उशीर झाला. आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांनी समीरसारखा हिशोब करू नये. तो म्हणतो चार्जिंगला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं गाडीला लागतात. पुढे बाथरूमची रांग, कॉफी, आणि "आता थांबलोच आहोत तर" हे वेगळं. एकूण अकरा-बारा तास धरूनच चला.

हायवे मात्र सोपा, पंच्याऐंशी नंबरचा पकडला की पीटर्सबर्गपर्यंत डोकं चालवावं लागत नाही. साउथ कॅरोलिनात रस्त्याकडेला पीचच्या आकाराची पाण्याची प्रचंड टाकी आहे. ती पुढून पीच दिसते. मागून काय दिसते यावर समीर आणि रेवा मैलभर हसत होते आणि मी त्या दोघांची आई असल्यासारखं "पुरे" म्हणत होते. शार्लटच्या पुढे एका चार्जिंगला डिकी उघडून जेवलो. मेथीचे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या गाडीतले आजोबा आमच्याकडे बघत सँडविच खात होते. समीरने त्यांना धपाटा दिला. त्यांनी तो आधी हुंगला, मग खाल्ला, मग बायकोला हाक मारली. दहीसुद्धा संपलं.

रेवा दिवसभर मजेत होती, पण व्हर्जिनिया सुरू झाल्यावर तिचे प्रश्न कमी होत गेले. रिचमंडच्या पुढे पंच्याण्णव नंबरच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात, त्यासाठी दीड तास जास्तीचा ठेवा. त्या गर्दीत ती मागून एकदाच म्हणाली, "ती तिथे स्टँडिंग आहे की स्लीपिंग?" मी म्हटलं, उभी आहे. तिने खिडकीकडे तोंड वळवलं.

अ‍ॅशबर्नला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. बिनखिडक्यांच्या, पांढऱ्या, अवाढव्य डेटा सेंटरच्या इमारती, आणि त्यांच्या मागे एकसारख्या घरांच्या रांगा. आपला सगळ्यांचा डेटा म्हणे इथेच राहतो. वैशालीच्या दारात मात्र खमंग वास होता. तिच्या सासूबाईंनी, मालतीकाकूंनी, सांगलीची चटणी, भाकरी आणि पिठलं केलं होतं. त्यांनी रेवाला जवळ घेऊन विचारलं, "काय बघायला आलीस गं एवढ्या लांब?"

"नथिंग, आजी," रेवा म्हणाली. "जस्ट डायनासोर."

मला भरून आलं, पण पिठलं इतकं चांगलं झालं होतं की मी ते सगळं घासाबरोबर गिळलं.

दुसरा दिवस शनिवार. आमचा बेत असा होता की मेट्रोने म्युझियमला जायचं, संध्याकाळी परत स्टेशनवरून गाडी घ्यायची आणि थेट घरचा रस्ता धरायचा, वाटेत कुठेतरी मुक्काम करून. म्हणजे वैशालीच्या घरातून आम्ही सकाळीच निघणार होतो. आता मराठी घरातून बाई निघाली आणि तिची ओटी भरली नाही असं काकू होऊ देतील का? त्यांनी सांगलीहून ब्लाउजपीसचा गठ्ठाच आणलेला. पाट मांडला, मला बसवलं, हळदकुंकू लावलं. नारळ, सुपारी, केळं, तांदूळ, कुंकवाची पुडी. आणि मग काकू थांबल्या, कारण मी जीन्स आणि हुडी घालून बसले होते.

"पदर कुठाय?" काकूंनी विचारलं.

पदर नव्हता, ओढणी नव्हती. वैशाली ओढणी आणायला वर पळणार, तेवढ्यात काकूंना माझ्या हुडीचा पोटावरचा खिसा दिसला. "हे काय वाईट आहे?" म्हणत त्यांनी नारळ त्यात घातला आणि वरून ओंजळ ओंजळ तांदूळ. खिसा गच्च फुगला.

रेवा टोस्ट खाता खाता उठून उभी राहिली. "आई! ओ माय गॉड! यू आर अ मार्सुपियल!"

सगळे इतके हसले की काकूंच्या हातातलं तबक हललं. काकूंना मार्सुपियल म्हणजे काय ते वैशालीने सांगितलं, पिशवीत पिल्लं वाढवणारे प्राणी. काकूंना त्यात नवल वाटलं नाही. "मग, ओटी म्हणजे तरी काय?" त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी तबक माझ्यापुढे धरलं. "यातले चार दाणे परत टाक."

मी टाकले. रेवाने विचारलं, "दिलं, मग परत का?"

"ज्या घरातनं नेलं ते घर रिकामं होऊ नये, म्हणून," काकू म्हणाल्या. "सगळंच्या सगळं कधी न्यायचं नसतं, बाळा."

इथे माझी चूक झाली. शहाणपणाने ते सगळं गाडीतल्या पिशवीत काढून ठेवायचं. पण मेट्रो गाठायची घाई, समीरचं "चला, चला" आणि रेवाचा हट्ट की खिसा असाच राहू दे. मी तशीच निघाले. अ‍ॅशबर्न स्टेशनला वीकेंडला पार्किंगचे पैसे पडत नाहीत, सिल्व्हर लाइन थेट मॉलपर्यंत, म्हणजे म्युझियमांसमोरच्या मोठ्या हिरवळीपर्यंत नेते, तासाभराचा प्रवास आहे, आणि बसायला जागा मिळते. पोटावर नारळ घेऊन मी खिडकीपाशी बसले. समोरच्या बाईने माझ्याकडे पाहून प्रेमळ हसून उठून आपली जास्त मोकळी सीट देऊ केली. मी नाही म्हटलं, पण का नाही ते सांगता येईना. समीर दुसरीकडे तोंड करून खांदे हलवत होता.

राजधानीतल्या या म्युझियमला तिकीट नाही. उघडायच्या वेळेलाच जा, नंतर रांग वाढते. आत शिरताना सामान तपासतात. तिथे एक उंच, पिकल्या केसांची गार्डबाई होती. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, खिशात काय आहे.

"कोकोनट," मी म्हटलं.

तिने काढायला सांगितला. मी नारळ काढला, आणि त्याच्यामागून तांदूळ सुटले. टेबलावर, जमिनीवर, तिच्या बुटांवर. मागची रांग थांबली.

"हे तांदूळ आहेत?"

"हो."

"कच्चे? खिशात?"

"आमच्याकडे निघताना देतात. म्हणजे बायकांना देतात. गुडबाय म्हणून." माझं इंग्रजी त्या क्षणी पळून गेलं. कुंकवाची पुडी निघाली तेव्हा तर समीरने मला ओळखत नसल्यासारखं एक पाऊल मागे घेतलं. दुसऱ्या गार्डला बोलावलं गेलं. पुडी उघडून पाहिली, नारळ हलवून पाहिला, आतलं पाणी डुचमळलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग रेवा पुढे झाली. "इट्स अ पाउच थिंग," ती गंभीरपणे म्हणाली. "शी हॅज टू कॅरी इट होम. इट्स सो द हाउस इज नॉट एम्प्टी."

गार्डबाईने तिच्याकडे खाली पाहिलं. मग म्हणाली, की माझी आजी लग्नात तांदूळ टाकायची, पण नारळ हे नवीनच आहे. "फोडू नका एवढंच. जा." जाता जाता तिने रेवाला विचारलं, की पिशव्यांबद्दल एवढं माहिती आहे तर आतली पट्टेवाली बघायला आलीस का?

रेवा माझ्यामागे सरकली. मीच म्हटलं, नाही, ती तिकडे जाणार नाहीये.

"बरोबर आहे, तिथे कुणीच थांबत नाही," गार्डबाई सहज म्हणाली. "सगळ्यांना सिंह बघायचा असतो. तिच्यासमोरून सगळे चालत निघून जातात." आणि ती पुढच्या माणसाची पिशवी बघायला लागली.

डायनासोर भव्य आहेत, मधल्या दालनातला हत्ती त्याहून भव्य आहे, त्यासाठी तरी नक्की जा. पण खरं सांगते, मला त्यातलं फारसं आठवत नाही, कारण मी रेवाकडे बघत होते. तिचं लक्ष नव्हतं. हत्तीपाशी ती थांबली आणि माझी बाही ओढून म्हणाली, "आई. नो वन स्टॉप्स? खरंच?"

"ती बाई म्हणाली खरं तसं."

"दॅट्स सो रूड," रेवा म्हणाली. "कुठे आहे ती रूम?"

आम्ही गेलो. सस्तन प्राण्यांच्या दालनात सिंहापाशी तुडुंब गर्दी होती. पलीकडे काचेमागे ती उभी होती. मी समजले होते त्याहून लहान. मध्यम कुत्र्याएवढी. फिकट तपकिरी अंग, पाठीवरून शेपटीकडे उतरत गेलेले पट्टे, काचेचे डोळे. खरंच लोक चालता चालता एक नजर टाकून पुढे जात होते. एक माणूस मुलाला "कुत्रा" म्हणून पुढे गेला.

रेवा थांबली. काचेला नाक लावून नाही, दोन पावलं मागे, शाळेत प्रतिज्ञेला उभी राहते तशी. एकदा तिने आम्हाला सांगितलं की थायलसिनची पिशवी मागच्या बाजूला उघडायची, म्हणजे आई गवतातून पळाली तरी पिल्लांच्या डोळ्यांत माती जायची नाही. आणि असंही सांगितलं की शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अशीच एक आई पिशवीत पिल्लं घेऊन बोटीने इथे, याच शहरातल्या प्राणिसंग्रहालयात आली होती. ती हीच का, ते मला कळलं नाही.  खूप वेळ गेला. समीर पाण्याची बाटली भरून आला, तरी रेवा तशीच उभी.

मग तिने विचारलं, "ती हलणार नाही ना?"

"नाही, राजा."

"आय वॉज वेटिंग," ती म्हणाली. "इन केस." आणि थोड्या वेळाने, "शी इज नॉट हायडिंग."

समीर खाली बसला, तिच्या उंचीला आला. त्याला राहवेना. "रेवा, टेक्सासमध्ये काही सायंटिस्ट आहेत, ते डीएनएवरून परत बनवायचा प्रयत्न करतायत. खरंच. कदाचित तू मोठी होशील तेव्हा..."

"पण बाबा, त्याला शिकवणार कोण?" रेवा म्हणाली. "त्याची आई तर इथे आहे."

 रेवा माझ्याकडे वळली, आणि तिचं ते अर्धंमुर्धं मराठी बाहेर आलं, जे ती फक्त फार झोप आली की किंवा फार वाईट वाटलं की बोलते. "आई, त्या लोकांनी सगळ्या नेल्या. तिच्या घरी कोणीच परत नाही ठेवलं? चार दाणे पण नाही?"

मी रडले. लपवत नाही, तिथे सिंहाच्या गर्दीच्या पाठीशी उभी राहून चांगली रडले. नाही ठेवले, म्हटलं. कुणीच नाही ठेवले. रेवाने आपले दोन्ही हात माझ्या हुडीच्या खिशात घातले, नारळाच्या बाजूने, उरलेल्या तांदळात, आणि डोकं माझ्या पोटाला टेकवून उभी राहिली. आम्ही तशाच उभ्या असताना एक बाई थांबली. तिच्यामागे आणखी दोघं. आम्ही काय बघतोय ते बघायला. मग त्यातल्या एकाने पाटी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"सी?" रेवा खिशातूनच म्हणाली. "दे आर स्टॉपिंग."

बाहेर आलो तर लख्ख ऊन. मॉलच्या हिरवळीवर निम्मं वॉशिंग्टन लोळत होतं. खाण्याच्या गाड्यांवर भाव चढे असतात, तरी आम्ही तीन प्लेट फ्राइज घेतल्या, कारण रडल्यावर भूक लागते. रेवाने केळं खाल्लं, ओटीतलं. समीरला नारळ तिथेच कठड्यावर आपटून फोडायचा होता, मी त्याच्या हातातून हिसकावून घेतला. ओटीचा नारळ घरी जाऊन त्याचं गोड करायचं असतं, एवढं पुण्यात शिकवत नाहीत का? रेवा हसली. म्युझियममध्ये शिरल्यापासूनचं पहिलं हसू, पण मी त्यावर फार विसंबले नाही.

परतीचा प्रवास दोन दिवसांत केला आणि तो फार चांगला झाला. नॉर्थ कॅरोलिनात हायवेपासून जवळच एका स्वच्छ मोटेलमध्ये राहिलो, शंभर डॉलरच्या आत खोली आणि सकाळी वॉफल. समीर सगळ्या वाटेने जुनी गाणी म्हणत होता, शब्द चुकवत. रेवाही म्हणत होती, ते चुकीचे शब्द. तिने प्राण्यांबद्दल मात्र एकही प्रश्न विचारला नाही.

घरी येऊन आता महिना होत आला. नारळाच्या वड्या झाल्या, निम्म्या त्या मैत्रिणीकडे गेल्या, जिने मला जास्तीची पोळी वाढली होती. हुडी दोनदा धुतली, तरी वॉशिंग मशीनमध्ये तांदूळ निघाले. लोक विचारतात, कशी झाली ट्रिप, आणि मी सांगते, झकास. ते खरंच आहे. पण रात्री समीर मला विचारायचा, "काही बोलली का?" आणि मी म्हणायचे, नाही. रेवाने शाळेत वर्गासमोर सांगितलं म्हणे की माझी चूक होती, ती खरंच एक्स्टिंक्ट आहे. बाईंनी तिचं कौतुक केलं. घरी येऊन ती गणितं करत बसली. प्राण्यांची पुस्तकं लायब्ररीतून आणणं बंद झालं होतं. मी स्वतःला म्हणत होते, झालं, हौसेने नेलंस आणि उरलं होतं तेही घालवलंस.

मग गेल्या शनिवारी, ऊन कलल्यावर, समीर मागच्या अंगणात कचऱ्याचा डबा हलवायला गेला आणि किंचाळला. डब्यामागून काहीतरी करडं उसळलं, समीरच्या हातून झाकण सुटून दणकन पडलं, आणि ते करडं जे काही होतं ते आडवं झालं. मी धावत गेले. मांजराएवढा प्राणी, टोकदार पांढरं तोंड, उंदरासारखी उघडी शेपूट. ओपोसम. आमच्याकडे असतात, कुंपणावरून जाताना दिसतात. हा डोळे उघडे ठेवून, जीभ बाहेर काढून पडला होता, आणि वास असा की नाकाला हुडी लावावी लागली.

"मी काही नाही केलं यार," समीर पांढराफटक पडून म्हणाला. "नुसतं झाकण पडलं. त्याला लागलंसुद्धा नाही."

माझ्या मनात एकच आलं, रेवाला बाहेर येऊ द्यायचं नाही. "रेवा, आत थांब," मी ओरडले, म्हणजे ती लगेच बाहेर आली. तिने पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, मासा मेला तेव्हा जो चेहरा झाला होता तो आता होणार, म्हणून. ती लांबच उकिडवी बसली आणि मान तिरकी करून पोटाकडे बघायला लागली.

"बाबा, मागे या. दोघं पण. हळू." तिने आम्हाला डेकच्या पायऱ्यांवर बसवलं आणि स्वतः आमच्यामध्ये बसली. "शी हॅज अ पाउच. देअर आर बेबीज इन देअर."

आम्ही बसलो. चहा आत गॅसवर उकळून आटला असणार, कुणी उठलं नाही. डास चावत होते. बरीच मिनिटं गेली, आणि तो प्राणी जराही हलला नाही. मला ते बघवेना. मी रेवाच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, ती गेली गं."

"नाही," रेवा म्हणाली. अजिबात आवाज न चढवता. "ती म्युझियमवाली गेली. ही नाही गेली. वेट कर."

आधी एक कान हलला. नुसता कान. समीरने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मग तोंड मिटलं. मग मान वर आली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मेल्याचं सोंग टाकून ती बाई उठली, अंग झाडलं, आणि पोटातली पोरं सांभाळत कुंपणाखालून डुलत डुलत निघून गेली. आम्ही तिघांनीही श्वास सोडला. समीरने टाळ्या वाजवल्या, अंगणात, एकटा. मी हसत होते आणि डोळे पुसत होते.

रेवा उठली, डब्याकडे गेली आणि झाकण उचलून नीट बसवलं.

"आई, उद्यापासून डबा इथे नको ठेवू," ती म्हणाली. "तिला भीती वाटते. आणि लायब्ररी सनडेला ओपन असते का? मला ओपोसमची सगळी बुक्स पाहिजेत."

डबा आता गॅरेजमध्ये असतो. वास येतो, पण आमच्या घरात कुणाचीही तक्रार नाही.